सहा प्रश्नचिन्हांचं बारसं

आमच्या मुलीला अकरा महिने नाव नव्हतं. लसीकरणाच्या कार्डावर 'बेबी ऑफ करुणा' असं लिहिलेलं होतं, आणि करुणा म्हणजे मी. उभ्या जन्मात एखाद्या कागदावर ती फक्त माझ्या नावाने ओळखली जाण्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग असल्यामुळे मला नावाची घाई नव्हती. बाकी सगळ्यांना होती. पंचाईत एवढीच की प्रत्येकाला आपापल्या नावाची होती.

माझे सासरे चांगदेवआबा रेल्वेतून निवृत्त झालेत, दौंडला राहतात आणि तिथल्या विहाराच्या समितीचे सचिव आहेत. त्यांना यशोधरा हवं होतं. त्यांचे धाकटे भाऊ नागसेनकाका न्हावऱ्याला असतात, त्यांना विशाखा. थोरल्या भावाने पूर्वेला बोट केलं की पश्चिमेचं महत्त्व सांगायचं, हे व्रत काकांनी लहानपणापासून पाळलेलं आहे. माझी नणंद मायाताई हिचं म्हणणं, नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तिने समायरा ठरवलेलं आहे.

"समायरा म्हंजी काय?" आबा म्हणाले.

"म्हंजी काय म्हंजी? नाव हाय ते, आबा."

"अर्थ?"

"तुमचं चांगदेव, त्याचा अर्थ कुणी इचारला का तुम्हाला कवा?"

हे संभाषण अकरा महिन्यांत किमान चाळीस वेळा झालं. मी त्या वेळी चहा टाकत असायचे.

माझ्याही मनात एक नाव होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. आई ही नावाच्या बाबतीत मंगल कार्यालयासारखी असते, कार्यक्रम तिथेच होतो पण पत्रिकेत तिचा उल्लेख फक्त पत्त्यात. मी कासुर्डीची. माझ्या वडिलांची वीस गुंठे शेवंती असते. मुलगी तीन महिन्यांची असताना संध्याकाळ झाली की कळवळून रडायची. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. एकदा माझी आई तिला घेऊन तशीच शेवंतीच्या सरीत जाऊन उभी राहिली आणि ती गप्प झाली. एवढं पिवळं एका वेळी बघायचं तर रडायला फुरसत कुठून मिळणार? तेव्हापासून मनातल्या मनात मी तिला शेवंती म्हणत होते. माझा नवरा सुमित रांजणगावच्या कारखान्यात आहे, आम्ही शिरूरला राहतो. त्याला मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "भारी आहे. पण आबांना तू सांग." म्हणजे विषय संपला.

मग शिरूरच्या जन्मनोंदणीच्या खिडकीवर मी सहज चौकशीला गेले. खिडकीतले काका फार सज्जन होते. "म्याडम, वर्षाच्या आत नाव आणून द्या. मी लगीच चढवतो. पुढं गेलं की अर्ज, प्रतिज्ञापत्र, आन् मोठ्या सायबांची सही."

"मोठे साहेब कधी भेटतात?"

त्यांनी पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. पंखा बंद होता. "तुम्ही वर्षाच्या आतच आणा," ते म्हणाले.

वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. दौंडहून आबांचा फोन आला. "करुणा, घरात भांडान नको. निवडणूक घेऊ. ज्याला मतं जास्त ते नाव. विहारात रविवारी कार्यक्रम करू आन् तिथंच निकाल." आबांचा लोकशाहीवर एवढा विश्वास आहे की घरात भाजी कुठली करायची यावरही ते सूचक आणि अनुमोदक मागतात.

आणि मी, काही कारण नसताना, म्हणाले, "आबा, मी वेबपेज बनवते."

शेजारच्या सुवर्णावहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात काय बनवायचंय? व्हॉट्सॲपवर पोल टाका की. आमच्या केंदूरला यात्रेच्या जेवणाचा मेनूबी पोलवरच ठरला." सुमित म्हणाला, गूगलचा फॉर्म पाच मिनिटांत होतो. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच मला लागलं. मी सहा वर्षं खराडीतल्या कंपनीत जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत काम केलेलं आहे. बारा हजार ग्राहकांची नावं मी एका पानावर दाखवलेली आहेत, तीही आडनावाच्या क्रमाने. त्या बाईने स्वतःच्या मुलीच्या नावासाठी फुकटचा फॉर्म भरून घ्यायचा?

आबांनी आचारसंहिता कळवली. मतदान गुप्त. कुणी कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीत तेलुगू आहेत, कानडी आहेत, सुमितच्या कारखान्यात ओडिया आणि हिंदीवाले आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या भाषेत, आपल्या लिपीत नाव लिहायचं. मी म्हटलं, सगळ्यांनी इंग्रजीत लिहिलं तर सोपं जाईल. आबा म्हणाले, "का? घटनेनं भाषा दिल्यात त्या काय शोभेला?" आणि शेवटचं म्हणजे मतपेटी सील. निकालाच्या दिवसापर्यंत आतली मतं कुणीही बघायची नाहीत, बनवणारीनेसुद्धा नाही. मला त्यांनी फोनवर शब्द द्यायला लावला. मी दिला.

काम मुलीच्या झोपेत चालायचं. तिची झोप चाळीस मिनिटांची, त्यातली दहा मी ती खरंच झोपली का हे बघण्यात घालवायचे. उरलेल्या वेळात ती मांडीवर. माझ्या कोडमधल्या तीन ओळी तिच्या हातच्या आहेत. एक अजून तशीच आहे, कारण ती काढली की पान उघडतच नाही.

पहिल्या दिवशी पानावर 'यशोधरा' लिहून पाहिलं आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग आली. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जावाच्या पानाला आपण कुठल्या लिपीत बोलणार हे वरच सांगावं लागतं, नाहीतर ते इंग्रजी धरून चालतं आणि जे ओळखीचं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतं. बऱ्याच माणसांचंही असंच असतं. पण सुवर्णावहिनींनी ते पाहिलं. "नजर लागलीय," त्या म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत मीठ-मोहऱ्या लॅपटॉपवरून ओवाळूनही झाल्या. मी पानाच्या डोक्यावर एक ओळ घातली. मराठी दिसू लागलं. वहिनी म्हणाल्या, "बघा!" त्या ओळीचं श्रेय मला आजतागायत मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून पाठवला, तर पलीकडे टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मधेच परदेशी चलनाच्या खुणा असा मजकूर उमटला. वहिनींनी मान डोलावली. "सुधारणा हाय. काल नुसती प्रश्नचिन्हं होती, आज इंग्रजी तरी आलं." येणारा मजकूर कुठल्या लिपीत वाचायचा हेही जावाला वेगळं सांगावं लागतं, ते सांगितलं. मग सगळं दिसू लागलं. मराठी, तेलुगू, ओडिया. मी मुलीला उचलून घरभर नाचवलं. ती माझ्या खांद्यावर दूध ओकली, इतकंच त्या दिवशीचं कौतुक.

आता हे पान ठेवायला जागा हवी होती. एसटी स्टँडसमोर बाळासोंचं दुकान आहे. झेरॉक्स, कॉम्प्युटर क्लास, पासपोर्ट फोटो. "ताई, आपला स्वतःचा सर्व्हर हाय," ते म्हणाले. "तीन दूध संकलन केंद्रं त्याच्यावर चालत्यात. तुमच्या बाळाचं एक नाव काय जड हाय व्हय?" माहिती साठवायचं टेबलही त्यांनीच बनवून दिलं. मी 'यशोधरा' असं एक मत टाकून पाहिलं. पान म्हणालं, "धन्यवाद! 'यशोधरा' हे तुमचं मत नोंदवलं आहे." स्वच्छ मराठीत. आत काय नोंदवलं गेलंय ते मी पाहिलं नाही. शब्द दिलेला होता.

मग मी माझं स्वतःचं मत टाकलं. 'शेवंती' हे तुमचं मत नोंदवलं आहे, असं पान म्हणालं. हे नाव पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेलं दिसत होतं. मी ते पान बराच वेळ बंद केलं नाही.

दोन आठवडे प्रचार चालला. मायाताईने सगळ्या ग्रुपवर गुलाबी पार्श्वभूमीवर समायरा टाकलं. नागसेनकाका मोटारसायकलवर गावोगाव फिरले. आबा निवडणूक अधिकारी असल्यामुळे त्यांना प्रचार करता येत नव्हता. ते भेटेल त्याला एवढंच सांगत, "मी कुणाला काय सांगत न्हाई. फक्त यशोधरेचा त्याग आठवा आन् मग बटन दाबा."

रविवारी विहाराचं सभागृह भरलं. वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं. पाळणा फुलांनी सजवलेला होता, मागे मटकीच्या रश्श्याचा वास सुटला होता. मोठा टीव्ही भाड्याने आणला होता. मी लॅपटॉपची वायर त्याला जोडली. आबांनी कोटाचं बटन लावलं आणि म्हणाले, "मतपेटी उघडा."

मी उघडली. पडद्यावर सगळ्यात वर सहा प्रश्नचिन्हं होती आणि त्यांच्यापुढे मतं एकाहत्तर. खाली पाच प्रश्नचिन्हं, मतं नऊ. मग चार प्रश्नचिन्हं, मतं चार. तळाला इंग्रजीत सुवाच्य 'समायरा', मतं तीन.

रश्श्यापाशी उभी असलेली माणसंही डाव हातात घेऊन दारात आली.

"निकाल झाकून ठिवलाय व्हय?" नागसेनकाका म्हणाले.

मला खरं सांगावं लागलं. "काका, मराठीतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी, काना-मात्रेच्याही जागी, एकेक प्रश्नचिन्ह आलंय."

काकांनी बोटांवर मोजलं. "व, इकार, श, काना, ख, काना. सहा! विशाखा आली!" ते उठून उभेच राहिले.

"बस खाली," आबा म्हणाले. "य, श, ओकार, ध, र, काना. यशोधराबी सहाच."

"समायरापण सहाच होतंय!" मायाताई पाळण्यापासून ओरडली. "माझ्या समद्या मैत्रिणींनी मराठीत टाकलं होतं. ती इंग्रजीतली तीन निस्ती वरकड हायत."

आबांच्या शेजारच्या तेलुगू मावशी पुढे आल्या. "मैंने तेलुगू में डाला था बेटा, वो किधर गया?"

"ह्यातच आहे, मावशी."

"ह्यातच?" त्यांनी पडद्याकडे पाहिलं. देशातल्या सगळ्या भाषा एका चिन्हाखाली आणायचं काम माझ्या पानाने करून दाखवलं होतं. मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला नाही.

मी बाळासोंना फोन लावला. "ताई, टेबल मी कुठं बनवलं? बटन दाबलं, बनलं. भाषा आधीपासून जी होती ती ऱ्हाऊ दिली." मी लॅपटॉपवरूनच आत शिरून बघितलं. टेबलाची भाषा स्वीडिश होती. खरंच होती. टेबल बनवणारं सॉफ्टवेअर मूळचं स्वीडनचं, त्यामुळे जुन्या टेबलाला मुळात स्वीडिशच येते, आणि शिरूरच्या एसटी स्टँडसमोर बसून कुणाला ती बदलावीशी वाटली नव्हती. दुधाच्या केंद्रांवर नुसते आकडे चालतात, त्यांना कधी अडलं नव्हतं. माझं पान फॉर्ममधलं नाव तिथल्या तिथे वाचून धन्यवाद म्हणत होतं, आणि आत टेबल प्रत्येक अक्षर खाऊन प्रश्नचिन्ह ठेवत होतं. पान नीट दिसत नसतं तर ते नीट करता आलं असतं. इथे साठवलेलंच प्रश्नचिन्ह होतं. नावं गेली होती.

सुमित म्हणाला, "हात वर करा सगळ्यांनी, मोजून टाकू."

"गुप्त मतदान उघडं करायचं?" आबांचा आवाज चढला. "माझ्या हयातीत न्हाई."

"मग तुमच्या हयातीत पोरीला नावबी न्हाई," नागसेनकाका म्हणाले.

"तू गप."

"मी का गप? विशाखा निवडून आलीय."

"पुरावा?"

"तुमच्यापाशी तरी कुठाय पुरावा, दादा?"

तेवढ्यात पाळण्यातली उमेदवार रडायला लागली. मायाताईने झोका दिला, तरी रडली. मी तिला घेतलं. नोंदणीची खिडकी सोमवारी उघडणार होती आणि बुधवारी तिला वर्ष पूर्ण होणार होतं. लोक आमच्याकडे बघत होते. मग आबा माझ्याजवळ आले. चेहरा असा की मला त्यांच्याकडे बघवेना. ते हळू म्हणाले, "करुणा, मशिनीच्या आत कुठं तरी मूळ नोंद असंल ना? रेल्वेत गाडी चुकली तरी रजिस्टरात मूळ नोंद असतीच."

असते. सर्व्हर आपली एक डायरी लिहितो, त्याला लॉग म्हणतात. मी मुलीला कडेवर घेऊन एका हाताने तो उघडला. काळा पडदा, पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या. मी टीव्हीची वायर काढली होती. "ही काढावी लागते," मी म्हणाले, आणि कुणी का असं विचारलं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळू लागली की माणसं आपोआप आदराने उभी राहतात. सासूबाई माझ्या मागेच बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

लॉगमध्ये सत्त्याऐंशी ओळी होत्या. इंग्रजी तीन सोडल्या तर सगळ्या प्रश्नचिन्हांच्या.

मी मुलीकडे पाहिलं. ती माझी सोनसाखळी तोंडात घालून थांबली होती, रडणं अर्ध्यावर ठेवून.

"सापडलं," मी म्हणाले. "किरकोळ नावांची तेरा सोडून, यशोधरा सतरा. विशाखा सोळा. समायरा," मी मायाताईकडे बघायचं टाळलं, "इंग्रजी धरून पंधरा."

"आन् बाकी?" नागसेनकाका.

"शेवंती. सव्वीस."

"कोण शेवंती?"

"नाव आहे, काका."

"पर कुणी टाकलं? सव्वीस माणसांनी? दादा, इचारा ना एकेकाला!"

सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. आबा उभे होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून यशोधरा उतरताना मला दिसली, आणि लॅपटॉप फेकून देऊन खरं सांगावं असं मला एकदम वाटलं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "नागसेन, खाली बस. गुप्त मतदान हाय. कुणी कुणाला दिलं हे इचारायचं न्हाई. लोकांचा कौल हाय. माया, नाव ठिव."

मायाताईने नाक उडवलं, पण वाकली. मुलीच्या कानात बोलली, आणि वर येताना म्हणाली, "शेवू म्हणून हाक मारता यील. चालंल."

पाच मिनिटांत एक चमत्कार झाला. तेलुगू मावशी म्हणाल्या, "चामंती! हमारे में चामंती बोलते. मैंने वही तो डाला था." सुमितच्या कारखान्यातले दोघे म्हणाले, त्यांनीही फूलच टाकलं होतं. मग आणखी एक आजी म्हणाल्या, त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं. जेवणाच्या पंगतीत शेवंतीची मतं चाळीसच्या पुढे गेली असावीत. मी मोजली नाहीत.

मी मागच्या खोलीत मुलीला पाजत बसले होते. सासूबाई माझं ताट घेऊन आल्या. चांगुणाबाई फार बोलणाऱ्या नाहीत. ताट ठेवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"मी चौथी पास हाय," त्या म्हणाल्या.

"माहितेय, आई."

"वाचाया येतं मला. लांबचं तर चांगलंच दिसतं." त्यांनी भाकरीचे तुकडे करून रश्श्यात टाकायला सुरुवात केली, कारण माझा एक हात अडकलेला होता. "त्या काळ्या पडद्यावर नाव न्हवतं. एकबी."

मी मुलीचं टोपडं सारखं केलं.

"सुमितच्या येळंला असंच. ह्यांना आनंद पायजे हुता, मामंजींना गौतम. दवाखान्याच्या दारात दोघंबी हातघाईवर. मी आत नर्सबाईला म्हणलं, लिही सुमित. तिनं लिवलं. आन् ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनी गडबडीत काय तरी लिवून टाकलं, आता खोडता येत न्हाई म्हणत्यात."

"आबांना माहीत आहे?"

"बत्तीस वर्सं झाली. अजून त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत्यात." त्यांनी घास माझ्या तोंडाशी धरला. "मीठ बरं पडलंय का बघ. उद्या दहाला खिडकी उघडती ना? साडेनवाला जाऊन उभी ऱ्हा."

मुलगी पिऊन झाली होती. त्यांनी तिला खांद्यावर टाकलं, पाठ थोपटली. "हिला न्हेते जरा ह्यांच्याकडं. हरलेलं माणूस हाय, मांडीवर काय तरी पायजे."

दार उघडंच राहिलं. थोड्या वेळाने बाहेरून आबांचा आवाज आला, कुणातरी पाहुण्याला सांगत होते, सभेतल्या आवाजात, "लोक आपल्या मनानं नाव ठिवत्यात. आमच्या नातीचं नाव निवडून आलेलं हाय. समद्यांनी मान ठिवायचा."